दोन भाषांत विचारून पाहा

परीक्षा तोंडावर आली की मुलं ‘लोकसंख्येची घनता’ घडाघडा म्हणून दाखवतात. समजली का, हे कसं ओळखायचं? कन्नड माध्यमातल्या मुलाला ‘जनसांद्रते’ मराठीत समजावायला सांगा, मराठी माध्यमातल्याला कन्नडमध्ये. नुसतं पाठांतर तिथंच अडतं.

मग गणित घाला. २०११च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४७ लाख ८० हजार, क्षेत्रफळ १३,४१५ चौरस किलोमीटर. भागाकार ३५६, ही घनता. आता विचारा, ‘खानापूरच्या जंगलातही प्रत्येक चौरस किलोमीटरला ३५६ माणसं?’ ‘नाही, ही सरासरी. कुठं दाट, कुठं विरळ ते वितरण सांगतं,’ असं उत्तर आलं, तर धडा समजला! घरातल्या दोन भाषा म्हणजे बिनफीची शिकवणीच.