तट्टूकडून किती अपेक्षा ठेवावी?

स्वमग्न मुलाच्या आईवडिलांना सल्ला देणाऱ्यांची कधीच वानवा नसते. गहू बंद करा, अमुक थेंब द्या, तमुक मालिश करा. या यादीत आता अश्वोपचाराची भर पडली आहे. यातल्या बहुतेक सल्ल्यांमागे पुरावा नाही. घोड्यामागे थोडाफार आहे. म्हणूनच तो किती आणि कशाचा, हे नीट पाहायला हवे.

अमेरिकेतील कोलोरॅडोमध्ये ६ ते १६ वयोगटातील १२७ स्वमग्न मुलांवर केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी केली होती. एक गट दहा आठवडे घोडेस्वारी शिकला. दुसराही गट केंद्रात आला, घोड्यांविषयी शिकला. पण त्याला खरा घोडा भेटला नाही. स्वारी करणाऱ्या मुलांची चिडचिड आणि अतिचंचलता दुसऱ्या गटापेक्षा अधिक कमी झाली, त्यांच्या बोलण्यातले शब्दही वाढले. नवी जागा आणि शिकवणारी माणसे दोन्ही गटांना मिळाली होती. तेव्हा फरक घोड्याने पाडला, असे मानायला जागा आहे. स्वमग्नता बरी झाली, असा दावा मात्र त्यात नाही.

हे कशाने घडत असावे? घोडा पावले टाकतो तेव्हा स्वाराची कंबर जवळपास त्याच्या स्वतःच्या चालण्यासारखी हलते आणि सारे अंग तोल सावरण्यात गुंतते. त्याहून मोलाची गोष्ट संवादाची. माणसाशी बोलायचे तर शब्द, सूर, चेहरा, थट्टा असे सारे एकाच वेळी उलगडावे लागते. शिकवलेल्या तट्टूला ‘चल’ म्हटले की ते चालते, ‘थांब’ म्हटले की थांबते. उच्चारलेल्या शब्दाचे फळ मुलाला तिथल्या तिथे अंगाला जाणवते. खरारा करायचा, मग खोगीर, मग रिकिबीत पाय, हा रोजचा ठरलेला क्रमही अशा अनेक मुलांना मानवतो. शिवाय तट्टू बुटके असल्याने दोन्ही बाजूंनी चालणाऱ्या माणसांचा हात मुलापर्यंत सहज पोहोचतो.

माथेरानला घोड्यावरून मारलेली फेरी म्हणजे हा उपचार नव्हे, मूल कितीही खुलले तरी. (त्यात घोडेवाल्याचा काही दोष नाही.) या मुलाला नेमके काय जमायला हवे, हे ठरवणारा प्रशिक्षित थेरपिस्ट हवा. जनावर शांत, लगाम धरणारा अनुभवी आणि हेल्मेट मुलाच्या मापाचे हवे. फिट येत असतील, मणक्याचा त्रास किंवा जनावरांच्या केसांची अ‍ॅलर्जी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. घाबरलेल्या मुलाला बळेच वर चढवणे तर निव्वळ क्रूरपणा.

धोका खरा आहे तो पैशाचा आणि वेळेचा. घरात दोन्ही मोजकेच असतात. तट्टूपायी स्पीच थेरपी किंवा ऑक्युपेशनल थेरपी सुटली, तर मुलाचे नुकसानच होते. ‘इतक्या सत्रांत मूल बोलेल’ अशी हमी देणाऱ्या केंद्राची पायरी पुन्हा चढू नये. दहा आठवड्यांनी काय मोजणार, कोण मोजणार आणि बदल दिसला नाही तर तुम्हीच थांबा म्हणणार का, हे पैसे भरण्याआधी विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.