धर्माचा रकाना

नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट फोडून त्याचा कडू रस जिभेला लावावयाचा आणि मग फराळाला बसावयाचे, अशी आपल्याकडे चाल आहे. या अंकातला तेवढा कडूपणा माझ्या वाट्याला आला आहे, असे वाचकांनी समजावे.

प्रश्न आहे कॉलेजात जाणाऱ्या ख्रिस्ती मुलाचा. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनने काम केले. त्या मुलखातली महार-मांगांची कितीतरी घरे ख्रिस्ती झाली. अशा घरातला मुलगा प्रवेशाचा अर्ज भरावयास बसला, की धर्माच्या रकान्याशी त्याची लेखणी अडते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचे हक्क हिंदूंपुरते ठेवले. १९५६ साली ते शिखांना आणि १९९० साली बौद्धांना मिळाले. ख्रिस्ती बाहेरच राहिला. मग घरातले वडीलधारे कानात सांगतात, ‘बाळ, कागदावर हिंदू लिही; रविवारी उपासनेला ये म्हणजे झाले!’

बाळ तसे लिहितो आणि तेथून त्याची वर्षे चोरासारखी जातात. नाताळात वसतिगृहाच्या खिडकीत कागदी चांदणी लावावी, तर दाखल्याची आठवण येऊन हात मागे येतो.

‘तुमच्या धर्मात जात नाही ना? मग जातीची सवलत कशाला?’ असे विचारणारे पंडित आहेत. त्यांना माझा उलट सवाल आहे: शीख आणि बौद्ध धर्म काय जात शिकवतात? बाप्तिस्म्याच्या पाण्याने पाप धुतले जात असेल. शेजाऱ्याच्या डोळ्यांतली जात त्याने धुतली जात नाही. धर्माची ही अट काढून टाकावी, अशी शिफारस रंगनाथ मिश्र आयोगानेही २००७ साली केली होती.

पण सरकारकडे बोट दाखवून आम्ही ख्रिस्ती मंडळी सुटत नाही. खोट्या रकान्याबद्दल मुलाला दटावताना आमचे उपदेशक रेव्हरंड टिळकांचा दाखला देतात. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि बायको-मुलापासून ताटातूट सोसली, हे खरेच. परंतु टिळकांचे घर तुटले तरी त्यांची विद्या त्यांच्यापाशी होती. या मुलाकडून तुम्ही विद्येचीच किंमत मागता!

तरीही मी म्हणतो, मुलाने खरेच लिहावे. उशाशी बायबल ठेवणे सोपे आहे. आपले नाव घालून सही करावयाच्या कागदावर ख्रिस्ताला ओळख देणे, ही कॉलेजातली खरी उपासना. मात्र हा उपदेश फुकट करण्याचा अधिकार कोणालाही नाही. मंडळीच्या पेटीतून घंटेला, रंगाला, वर्धापनदिनाच्या जेवणाला पैसा निघतो. तो आधी या मुलाच्या फीसाठी निघाला पाहिजे. ज्याला ‘खरे लिही’ म्हणावयाचे असेल, त्याने फीची पावती आपल्या नावावर फाडावी आणि मग तोंड उघडावे.