चेंबरमध्ये उतरायचे किती?

बकरी ईदच्या चौथ्या दिवशी आमच्या इमारतीतल्या तळमजल्यावरच्या खालांच्या मोरीतून पाणी उलटे वर येऊ लागले. त्यांच्या घरात तेव्हा एकही नळ चालू नव्हता. वरच्या सहा मजल्यांवरची भांडी, कपडे, अंघोळी, सगळ्यांचे पाणी एकाच पाइपातून खाली येत होते आणि पुढे वाट नसल्याने खालांच्या स्वयंपाकघरात पसरत होते. त्यावर चरबीचा पिवळट तवंग. चटई, तांदळाची गोणी, नातवाचे दप्तर, जे जमिनीवर होते ते सगळे गेले. दोन दिवस खाला नमाजसाठी बहिणीच्या घरी जात होत्या, कारण स्वतःच्या घरात पाक म्हणावी अशी हातभर जागा उरली नव्हती.

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिले उत्तर पाचव्या मजल्यावरून आले: "आमच्याकडे तर पाणी नीट जातंय." खोटे नव्हते. पाचव्या मजल्यावरचे पाणी नेहमीच नीट जाते. वरचे लोक तुंबवतात आणि खालच्यांचे घर भरते, हा पाइपाचा साधा नियम आहे.

मग भाव आले. जेटिंग मशीनवाल्याने 6,000 रुपये सांगितले. नाक्यावर कामाच्या शोधात बसणाऱ्या एका तरुणाने 1,200 सांगितले. तो स्वतः चेंबरमध्ये उतरणार होता. इमारतीत 28 घरे. मशीन बोलावली असती तर घरामागे 214 रुपये पडले असते, माणूस उतरवला तर 43. म्हणजे सगळा फरक 171 रुपयांचा, एका बिर्याणीच्या पार्सलचा. अर्ध्या तासात ग्रुपवर 1,200 ला मंजुरीचे अंगठे पडले. त्यातला एक अंगठा माझा होता.

तो आला. वय माझ्याएवढेच, पंचविशीच्या आत. त्याने पहारीने झाकण उचलले, शर्ट काढून भिंतीवर ठेवला, काडी पेटवून आत टाकली आणि ती लगेच विझली नाही म्हणून "ठीक है" म्हणाला. मी मोबाइलची टॉर्च धरून उभा होतो. तो छातीपर्यंत आत गेला. पंधरा-वीस मिनिटे बादलीने काढत होता: चरबीचे पांढरे गोळे, केस, फडकी, बाळांचे डायपर, एक स्टीलचा चमचा. मग खळ्ळकन आवाज आला आणि पाणी सुटले. तो वर आला. आमच्यातल्या एकाने लांबूनच त्याच्या अंगावर बादलीभर पाणी ओतले, दुसऱ्याने कागदी कपात चहा दिला. पैसे घेऊन त्याने सलाम केला आणि गेला.

काहीच झाले नाही. कोणी मेले नाही. म्हणूनच हा प्रसंग आमच्या इमारतीत कोणाच्या लक्षातही नाही.

दोस्तांनो, त्या काडीने काय कळते, हे मी नंतर वाचले. साचलेल्या मैलापाण्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. सुरुवातीला त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की तो नाकच बधिर करतो. वास गेला म्हणजे धोका गेला असे वाटते, आणि नेमका तेव्हाच माणूस कोसळतो. काडीला हा वायू कळत नाही. उलट आत मिथेन साचला असेल तर तीच काडी भडका उडवते. एक बेशुद्ध पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. बातम्यांमध्ये एकाच टाकीत दोन-तीन माणसे गेल्याचे आपण वाचतो, ते म्हणूनच. डिसेंबर 2019 मध्ये गोवंडीत एका खासगी सोसायटीची सेप्टिक टँक साफ करताना तीन कामगार गेले. 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या विधवांना प्रत्येकी 10 लाख रुपये देण्याचा आदेश सरकारला दिला. ती टाकी सरकारी नव्हती. तुमच्या-माझ्यासारख्या लोकांच्या सोसायटीची होती.

आपल्याकडे अशा वेळी "महानगरपालिका काय करते?" असे विचारायची सवय आहे. विचारलेच पाहिजे. आपल्या वस्त्यांमधली गटारे कोणत्या अवस्थेत आहेत, हे पहिल्या पावसात कोणीही येऊन पाहावे. पण आमच्या आवारातला तो चेंबर पालिकेचा नव्हता आणि तो माणूसही पालिकेने उतरवला नव्हता. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा 2013 चा कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. सुरक्षेची साधने न देता गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवायला कलम 7 ने बंदी आहे. ती केवळ पालिकेला नाही. कोणतीही व्यक्ती, कोणतीही संस्था, थेट किंवा ठेकेदारामार्फत, कोणालाच हे काम सांगता येत नाही. पहिल्याच गुन्ह्याला 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली. हे आकडे बाजूला ठेवून पुन्हा 171 रुपयांकडे पाहा.

"पण त्याला कामाची गरज असते, आपण नाही दिलं तर त्याची चूल कशी पेटेल?" हे मला आमच्या हाजीसाहेबांनी विचारले, आणि ते मनापासून विचारत होते. मजुराचा घाम सुकायच्या आत मजुरी द्यावी, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या दिवशीही मजुरी लगेच दिली गेली होती. पण वेळेवर दिल्याने 1,200 रुपये त्या कामाची रास्त किंमत ठरत नाहीत. त्याला बोलवा, जरूर बोलवा, पण झाकणाच्या वर उभे राहून करायच्या कामासाठी. एकात एक जोडत जाणारे लोखंडी किंवा फायबरचे रॉड मिळतात, जुने लोक बांबूच्या लांब कामट्या वापरायचे तेच काम ते करतात. साध्या तुंबलेल्या लाइनला बहुतेक वेळा ते पुरतात. चरबी दगडासारखी बसली असेल तर जेटिंग लागते: जाड नळीच्या तोंडातून पाणी इतक्या जोराने निघते की थर कापत जाते. मोठी गाडी आमच्या गल्लीत शिरत नाही, हेही ग्रुपवर कोणी तरी लिहिले होते. गाडी नाक्यावर उभी करून नळी आत आणता येते आणि हाताने ढकलत न्यायची लहान मशीनही असते. विचारायचे कष्ट आम्ही घेतले नाहीत, एवढेच.

आणि त्याने केलेला सलाम माझ्या डोक्यातून जात नाही. सफाईचे काम म्हटले की आपण ते "त्यांचे" समजतो. पण हलालखोर हा शब्द कुठून आला? कष्टाची, हलाल कमाई खाणारा. उत्तर हिंदुस्तानात सफाईचे काम करणाऱ्या एका मुसलमान बिरादरीचे ते नाव. मुंबईशीही त्याचा संबंध आहे: 1888 च्या मुंबई महापालिका कायद्यात मैला उचलण्यासाठी लावलेल्या कराचे नावच "हलालखोर कर" होते. करातून हा शब्द गेला. मनातून गेला का? एका सफेत उभे राहणारे आपण, त्या तरुणाला पाणी देताना मात्र हातभर लांब उभे राहिलो.

आता घरातल्या मोरीबद्दल, कारण चेंबर तिथूनच भरतो. हे सगळे आपल्या हातचे आहे आणि जवळजवळ फुकट आहे.

फक्त तुमचीच मोरी तुंबली असेल तर दोष तुमच्या ट्रॅपमध्ये आहे. खालच्या मजल्यावर पाणी वर येत असेल तर दोष मुख्य लाइनमध्ये किंवा चेंबरमध्ये आहे आणि तो खर्च सगळ्यांचा आहे. एवढी एक गोष्ट कळली तरी निम्मी भांडणे संपतील. बाथरूमच्या जाळीखाली जो वाटीसारखा भाग असतो तो नहाणी ट्रॅप. हातमोजा घाला, जाळी उचला, केसांचा गुंता बाहेर काढा. सिंकखाली बाटलीसारखा दिसणारा बॉटल ट्रॅप असेल तर खाली बादली ठेवून तो हातानेच फिरवून उघडतो. मी पहिल्यांदा उघडला तेव्हा आत अर्धी वाटी भाताचे पीठ झाले होते. प्लंबर यासाठी येण्याचेच काहीशे रुपये घेतो. रबरी पंप वापरताना बेसिनचे वरचे छोटे भोक ओल्या फडक्याने बंद करा, नाहीतर सगळा जोर तिथून निघून जातो. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा फेस व्हिडिओत फार छान दिसतो. केसांच्या गुंत्याला त्याने काही होत नाही.

पाकिटातली पावडर म्हणजे बहुधा कॉस्टिक सोडा. तो चरबीचा साबण करतो आणि केस विरघळवतो, म्हणून काम करतो. पण तो पाण्यात पडला की तापतो, कातडी आणि डोळे जाळतो. एकदा टाकून फरक पडला नाही तर वर अ‍ॅसिड ओतू नका. दोन्ही भिडले की उकळून तोंडावर उडते. अ‍ॅसिडचा टॉयलेट क्लीनर आणि ब्लीचिंग पावडर तर कधीच एकत्र नको, त्यातून क्लोरीन निघतो आणि आपली बाथरूम केवढी, खिडकी केवढी? आणि हे सगळे ओतून झाल्यावर मग माणूस बोलावत असाल तर त्याला ते आधी सांगा. आपण ओतलेल्या पाण्यात त्याचा हात जाणार असतो.

राहिली चरबी. कुर्बानीनंतर तीन दिवस आपल्या घरांत सुऱ्या, ओंडके, पातेली धुतली जातात, आणि गरम पाण्याने धुतली की चरबी डोळ्यांसमोरून वाहून जाते. पाइपात ती थंड होते आणि गोठते. त्यावर भात चिकटतो, केस अडकतात. हे बोलले की काही जणांना वाटते, झाले, आता ईदवर बोट. तसे नाही. फराळाचे तळलेले तेल मोरीत ओतणाऱ्या घरातही हेच होते. 2017 मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात गटारात सापडलेला चरबीचा गोळा 250 मीटर लांब आणि 130 टन वजनाचा होता. त्याचा तुकडा त्यांनी म्युझियममध्ये ठेवला. आपण कागदाने भांडे आधी पुसून घ्यावे, चरबी पिशवीत भरून इतर अवशेषांच्या गाडीत द्यावी आणि मगच भांडे पाण्याखाली धरावे. रद्दीचे दोन कागद लागतात. घरात हे काम अम्मी आणि बहिणीच करतात, म्हणून त्यांनाच सांगून मोकळे होऊ नका. पातेले तुम्हीही पुसू शकता.

यंदा ईदच्या आधीच मी आणि दोघा मित्रांनी सोसायटीच्या बैठकीत विषय मांडला. घरामागे महिन्याला 50 रुपये, वर्षाचे 16,800. त्यातून दोनदा जेटिंग, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा ईदनंतर, उरलेल्या पैशांत प्रत्येक मोरीला बारीक जाळी. आणि वहीत एक ओळ: चेंबरमध्ये माणूस उतरणार नाही. पैशांवर दीड तास वाद झाला. त्या ओळीवर कोणी काही बोलले नाही, हाजीसाहेबांनी सही केली.

सगळ्यात पहिले 50 रुपये खालांनी दिले. पाचव्या मजल्याचे अजून यायचे आहेत.