एकेकट्याला गाठणारी जाहिरात

१९७२ साली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या झेंड्याखाली मुंबईतील स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी भगिनींना एक गोष्ट कोणापुढेही सिद्ध करावी लागली नव्हती. तेलाचा आणि रॉकेलचा भाव काय आहे, हे गोरेगावच्या गृहिणीला ठाऊक होते आणि लालबागच्या गिरणी कामगाराच्या बायकोलाही ठाऊक होते. दुकानातला भाव सार्वजनिक होता, म्हणून संतापही सार्वजनिक होऊ शकला. जाहिरातीचेही तसेच होते. १९६७ मध्ये विविध भारतीवर आणि १९७६ मध्ये दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या. त्या कितीही भडक वा खोट्या असोत, चाळीतल्या साऱ्या बिऱ्हाडांनी त्या एकत्रच ऐकल्या-पाहिल्या. त्यांची टिंगल झाली, त्यांवर वृत्तपत्रांतून टीका झाली. खोटे बोलणाऱ्याला निदान चारचौघांसमोर खोटे बोलावे लागत होते.

मोबाइलच्या पडद्यावर येणाऱ्या जाहिरातीने नेमकी ही चारचौघांची साक्षच नाहीशी केली आहे. एखादे पान उघडण्यास जो निमिषमात्र वेळ लागतो, तेवढ्यात ते पाहणाऱ्या माणसाचे लक्ष लिलावात विकले जाते. त्याचे गाव कोणते, वय काय, काल त्याने काय शोधले, कोणती वस्तू न्याहाळून घेतल्यावाचून सोडून दिली, याचा अंदाज बोली लावणाऱ्यांपुढे तयार असतो. एकाच खोलीत बसलेल्या बापाला आणि लेकीला त्यामुळे दोन निराळे बाजार दिसतात आणि दुसऱ्याला काय दिसले हे दोघांपैकी कोणालाच कळत नाही. बापाला गुडघेदुखीचे तेल आणि झटपट कर्ज, लेकीला गोरेपणाचे मलम आणि स्पर्धा परीक्षेचा वर्ग. ज्याची जी गरज वा जी भीती, तिथे बोट ठेवले जाते.

हा या कंपन्यांचा जोडधंदा नव्हे, मुख्य धंदा आहे. गूगलची मालक असलेल्या अल्फाबेट कंपनीचे २०२३ सालचे उत्पन्न सुमारे ३०,७०० कोटी डॉलर होते आणि त्यातले सुमारे २३,८०० कोटी डॉलर जाहिरातींचे होते. फेसबुक आणि इन्स्टाग्राम चालविणाऱ्या मेटाच्या त्या वर्षीच्या दर शंभर डॉलर उत्पन्नामागे जवळजवळ अठ्ठ्याण्णव डॉलर जाहिरातीतून आले. हा पैसा अखेर साबणाच्या वडीत, चपलेच्या जोडात आणि विम्याच्या हप्त्यात मिळवलेला असतो. फुकट मिळणाऱ्या सेवेचे मोल ग्राहक दुकानात चुकते करतो, एवढेच. उत्पादनाची यंत्रणा ज्या गरजा भागवते त्या ती स्वतःच निर्माण करते, असे अर्थशास्त्रज्ञ गॅलब्रेथ यांनी १९५८ सालीच लिहून ठेवले होते. हे गृहस्थ पुढे अमेरिकेचे राजदूत म्हणून दिल्लीत आले. त्यांच्या त्या विचाराला मात्र दिल्लीने फारसा आसरा दिला नाही.

मग जाहिरात ओळखायची कशी? पूर्वी ती चौकटीत असे. आता ती बातमीच्या, सल्ल्याच्या, मैत्रिणीने सांगितलेल्या अनुभवाच्या वेषात येते. शोधाच्या उत्तरांत सर्वांत वर असलेल्या नोंदीजवळ ‘प्रायोजित’ हा शब्द इतक्या फिकट अक्षरांत असतो की तो वाचला जाऊ नये, हीच अपेक्षा दिसते. खरेदीच्या ॲपवर कोणता तांदूळ आधी दिसावा, हेही पुष्कळदा विक्रेत्याने मोजलेल्या पैशांवर ठरते. फुली मारलेली मूळ किंमत, ‘फक्त दोन शिल्लक’ हा इशारा, उलटे धावणारे घड्याळ, आधीच खूण करून ठेवलेला विमा, पैसे भरण्याच्या अखेरच्या पायरीवर उगवणारे शुल्क, हे सारे जाहिरातच होय. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या मांडणीचे तेरा प्रकार मार्गदर्शक तत्त्वांत नोंदवले. ‘नको, मला बचत करायची नाही’ असे बटण दाबायला लावून नकार देणाऱ्याला लाजविणे हाही त्यांतलाच एक प्रकार.

या यंत्रणेचा खर्चाच्या सवयीवर होणारा परिणाम केवळ मोहाचा नाही. मोह पूर्वीही होता. पण मोह आणि खरेदी यांच्यामध्ये दुकानापर्यंतची वाट होती, खिशातल्या नोटा मोजण्याचा क्षण होता, उद्या पाहू म्हणण्याची सोय होती. आता पैसे बोटाच्या स्पर्शाने जातात आणि खिशात नसतील तर त्याच पडद्यावर ‘आता घ्या, नंतर द्या’ म्हणणारा सावकार उभा असतो. वस्तूची जाहिरात आणि कर्जाची जाहिरात एकमेकींना लागून येतात, हे ध्यानात घेतले पाहिजे. यंत्रमागावर बारा तास काढणाऱ्याला वस्तूची किंमत न सांगता महिन्याचा हप्ता सांगितला जातो. पगारवाढीसाठी त्याने संघटनेच्या बळावर जे मिळवले, ते असे एकेकट्याने, रात्री अंथरुणात पडल्यापडल्या, परत केले जाते. कामगार चळवळीने या प्रश्नाकडे केवळ मध्यमवर्गीय चैनीचा विषय म्हणून पाहणे परवडणारे नाही. तरुण पिढीच्या भोगवादाला नावे ठेवून स्वस्थ बसणे तर निव्वळ आळस ठरेल.

सरकार काय करते? २०१६ साली परदेशी कंपन्यांना ऑनलाइन जाहिरातीपोटी जाणाऱ्या रकमेवर सहा टक्के समकारी कर बसविण्यात आला होता. तो १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाला. फसव्या मांडणीविषयी जून २०२५ मध्ये कंपन्यांना सांगण्यात आले की त्यांनी तीन महिन्यांत आपली तपासणी आपणच करावी. दरोडेखोराने स्वतःचा पंचनामा लिहावा, अशातला हा प्रकार! अठरा वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवून त्यांना नेमक्या जाहिराती दाखविण्यास २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मनाई केली. पण त्याचे नियम प्रसिद्ध व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि मुख्य तरतुदींसाठी पुढे आणखी अठरा महिन्यांची सवलत मिळाली. इच्छा असते तेव्हा मात्र हात बांधलेले नसतात. पैशांच्या ऑनलाइन खेळांना आणि त्यांच्या जाहिरातींना बंदी घालणारा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने काही दिवसांतच संमत केला.

युरोपीय संघाच्या २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्याने मोठ्या कंपन्यांना जाहिरातींचे सार्वजनिक भांडार ठेवणे भाग पाडले: जाहिरात कोणाची, पैसे कोणी दिले, कोणत्या गटाला उद्देशून ती दाखविली, हे कोणासही पाहता यावे. भारतात हीच मागणी प्रथम केली पाहिजे. जाहिरातीवर बंदी नव्हे, तिला पुन्हा चव्हाट्यावर आणणे.

त्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. जानेवारी २०२५ मध्ये ओला आणि उबर या कंपन्यांना एकाच प्रवासाचे निरनिराळ्या फोनवर निरनिराळे भाडे दाखविल्याच्या आरोपावरून नोटिसा गेल्या. कंपन्यांनी आरोप नाकारला. परंतु संशय उत्पन्न झाला तो लोकांनी दोन फोन शेजारी ठेवून पाहिल्यामुळे. वस्तीतल्या बैठकीत, महिला मंडळात, युनियनच्या कचेरीत दहा फोन असेच शेजारी ठेवावेत, एकच वस्तू शोधावी, कोणाला काय आणि कोणत्या भावाने दिसले ते वहीत उतरवावे, पडद्याची छायाचित्रे जोडावीत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम १६ अन्वये ग्राहकांच्या एका वर्गाच्या हक्कांचा भंग आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिराती यांची चौकशी करून प्राधिकरणाला अहवाल पाठविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याला आहे. लेखी तक्रार त्याच्याकडेच देता येते, आणि जिल्हाधिकारी कचेरीची वाट कार्यकर्त्यांना नवी नाही.