नाव जातिवंताचे, मांस कोणाचे?

ब्रिटनमधील एखाद्या खाटकाच्या दुकानात काचेआड ठेवलेल्या मांसावर ‘दुर्मिळ जातीचे डुक्कर’ अशी चिठ्ठी दिसली, तर या शब्दांना कायद्याने ठरवून दिलेला अर्थ नाही, ही गोष्ट गिऱ्हाइकाच्या सहसा ध्यानात येत नाही. ग्राहकाची दिशाभूल करणारे वर्णन १९९० च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार गुन्हा ठरते, हे खरे. परंतु जनावराचे आईबाप दोन्ही शुद्ध हवेत की एक असला तरी पुरे, याविषयी कायदा मौन पाळतो. वेष्टनबंद ताज्या मांसावर जनावर कोणत्या देशात वाढले व कोठे कापले गेले, हे लिहिण्याची सक्ती २०१५ पासून आहे. देश सांगावा लागतो. कूळ सांगावे लागत नाही.

हा वाद खवय्यांच्या चैनीचा नव्हे. १९५५ साली हॉविट समितीने लार्ज व्हाइट, लँड्रेस व वेल्श या तीनच जातींवर वराहपालनाने भर द्यावा, अशी शिफारस केली. लवकर वाढणारे, कमी चरबीचे जनावर बाजाराला हवे होते. उरलेल्या जाती मागे पडल्या. कुरळ्या केसांची लिंकनशर जात १९७२ च्या सुमारास संपुष्टात आली. पुढच्याच वर्षी दुर्मिळ जातींच्या रक्षणासाठी ‘रेअर ब्रीड्स सर्व्हायव्हल ट्रस्ट’ स्थापन झाला. घोडा हौसेने पाळता येतो, गाय दूध देते. डुकराचा उपयोग मुख्यतः मांसासाठीच. तेव्हा ही जात जगवायची, तर तिचे मांस खाल्ले गेले पाहिजे, असा विचित्र न्याय येथे लागू पडतो. आपल्यापैकी अनेकांच्या पानात हे मांस कधीच पडणार नाही. पण हा न्याय समजण्यास त्याची आवश्यकता नाही.

अशी जनावरे सावकाश वाढतात, त्यांच्या अंगी चरबी अधिक. म्हणून मांस महाग पडते. ही जादा किंमत गिऱ्हाईक केवळ नावावर विश्वासून देते. आता कोणी जातिवंत नर साध्या पांढऱ्या मादीला लावला आणि ती संकरित पिले त्याच नावाने विकली, तर शुद्ध कळपाचा खर्च न सोसता त्याला नावाचा नफा मिळतो. शुद्ध मादीपासून संकर केला, तर अधिकच हानी : तितकी वीण जातीला कायमची मुकते, कारण त्या पिलांतून नवी जातिवंत मादी मिळत नाही.

ग्लॉस्टरशर ओल्ड स्पॉट्स ही फळबागांतून वाढणारी ठिपकेदार जात. झाडावरची सफरचंदे अंगावर पडून हे डाग उमटले, अशी गमतीची लोककथा आहे. पारंपरिक पद्धतीने वाढविलेल्या या जातीच्या मांसाला २०१० मध्ये युरोपीय संघाच्या पारंपरिक वैशिष्ट्याच्या नोंदणीचे संरक्षण मिळाले. ठिपके कातडीवर असतात, मांसावर नव्हे. म्हणून कागदाचा आधार घेणे भागच होते. पण टॅमवर्थ, मिडल व्हाइट यांसारख्या जातींची भिस्त अद्याप पैदासकारांच्या संघटनांवर आणि खाटकाच्या सचोटीवर आहे.

जपानने १९९९ मध्ये ‘कुरोबुता’ हे नाव केवळ शुद्ध बर्कशरच्या मांसासाठी राखून ठेवले. स्पेनचा २०१४ चा हुकूम याहून बारकाईचा आहे. इबेरिको हॅमवर शुद्धतेची टक्केवारी छापावी लागते. ओकची फळे खाऊन वाढलेल्या शंभर टक्के शुद्ध जनावराला काळी पट्टी, ती फळे खाल्लेल्या संकरिताला तांबडी. खुल्या रानात पण धान्यावर वाढलेल्याला हिरवी, गोठ्यातल्याला पांढरी. निम्म्या रक्ताच्या जनावरालाही इबेरिको म्हणण्याची मुभा आहे, ही त्यातील तडजोड मला खटकते. मात्र त्यातच एक शहाणपणही दडले आहे : संकराचीही आई शंभर टक्के शुद्ध व नोंदलेली असावी लागते. म्हणजे संकरित मालाचा खप वाढला, तरी शुद्ध माद्या बाळगणे बाजाराला भाग पडते. ब्रिटनने घ्यावा तो धडा हा.

लहान पैदासकाराला ही कागदपत्रे पेलणार नाहीत, असा आक्षेप घेतला जातो. तो तितकासा पटत नाही. वंशावळ राखणारा पिलांच्या जन्माची नोंद करतोच, कानावर खूणही करतो. दुवा तुटतो तो कत्तलखान्यापुढे, जेथे कान निघून जातो आणि मांसाचे तुकडे होतात. तेथून दुकानाच्या चिठ्ठीपर्यंत तो क्रमांक पोहोचविण्याची जबाबदारी खाटीक व विक्रेता यांच्यावर टाकली पाहिजे.

हा प्रश्न आपल्याकडेही फार दूरचा नाही. काणकोण तालुक्यातील आगोंद गावाचे नाव लाभलेल्या गोव्याच्या डुकराला कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्थेने स्वतंत्र जात म्हणून नोंदविले आहे. उद्या म्हापशाच्या बाजारात कोणी त्या नावाने चोरीस विकू लागला, तर माळेत भरलेले मांस त्याच डुकराचे आहे, हे गिऱ्हाइकाला कोणी आणि कशावरून सांगावयाचे?