पाळणाघराच्या दारात साबण

मुंबईच्या उपनगरांतल्या पाळणाघरांना स्वच्छतेचे किमान नियम महापालिकेने बंधनकारक करावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. पावसाने खिडक्या बंद झाल्या की अंधेरी-मुलुंडच्या दोन खोल्यांच्या पाळणाघरातली एका मुलाची सर्दी आठवडाभरात सगळ्यांची होते आणि कुणाची तरी आई बिनपगारी घरी बसते. हा खर्च कुठल्याच हिशेबात धरला जात नाही. फिनलंडमधील औलू शहरातल्या २० पाळणाघरांवरील, १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हात धुणे आणि खेळणी पुसणे शिस्तीने पाळले गेले. मुलांचे आजारपण थोडेच घटले. पालकांच्या रजा मात्र सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाल्या. खरी बचत तिथेच आहे.

शुल्क वाढेल, हा आक्षेप साबण आणि प्रत्येकाचा वेगळा नॅपकिन एवढ्या खर्चापुढे टिकत नाही. ताप आलेले मूल घरी ठेवा, हा नियम नोकरदार आईवर उलटेल हे मात्र खरे. तिला रजा देणे मालकांचे काम आहे. ५० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना पाळणाघराची सक्ती करणारी २०१७ पासूनची कायदेशीर तरतूद सोसायटीतल्या घरगुती पाळणाघरापर्यंत पोहोचतच नाही; म्हणून महापालिकेचा नियम हवा. त्या नियमात लसीकरणही हवे: न्युमोनियापासून संरक्षण देणारी न्युमोकोकल लस २०२१ पासून मोफत मिळते. प्रवेशावेळी लसीकरण कार्ड पाहण्याची सक्ती पुढच्या पावसाळ्याआधी व्हायलाच हवी.