मेटल डिटेक्टर घेताय? पैसे देण्याआधी शेतात नाणं पुरून बघा

मार्च २०२५ मध्ये रावेरच्या पलीकडे, बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या असीरगड किल्ल्याजवळ लोक रात्री टॉर्च लावून शेतं उकरत होते. ‘छावा’ सिनेमा नुकताच लागला होता आणि तिथं मुघलांची सोन्याची नाणी निघतात अशी हवा झाली होती. काहींच्या हातात मेटल डिटेक्टरही होते. शेवटी पोलीस-प्रशासनाला लक्ष घालावं लागलं.

अशी मशीन आता मोबाईलवर ऑर्डर करता येतात. हौस म्हणून किंवा शेतातल्या कामाला घ्यायला हरकत नाही. पण मशीन काय करतं आणि काय करत नाही, हे आधी समजून घ्यायला हवं.

डिटेक्टरच्या खालच्या गोल कॉईलमधून चुंबकीय लहरी जमिनीत जातात. धातू आला की परतीचा सिग्नल बदलतो आणि मशीन वाजतं. स्वस्तातलं मशीन नाण्याएवढी वस्तू वीतभर खोलीपर्यंत पकडलं तरी पुष्कळ झालं. हरवलेलं कानातलं, नांगराचा तुटलेला फाळ, रोटाव्हेटरच्या पात्याला लागणारं लोखंड, बुजलेला लोखंडी पाईप यासाठी ते कामाचं आहे. ‘३० फुटांवरचं सोनं दाखवतो’ म्हणणारी जाहिरात मात्र सरळ सोडून द्यावी.

दोन अँटेना हातात धरून फिरायची ‘लाँग रेंज’ यंत्रं तर त्याहून वाईट. जेम्स मॅककॉर्मिक नावाच्या इंग्रजाने अशीच अँटेनावाली खोटी यंत्रं बॉम्ब शोधणारी म्हणून इराकला विकली. २०१३ साली त्याला १० वर्षांची शिक्षा झाली. जिथं सरकारं फसली, तिथं गावातल्या माणसाने जास्तच सावध राहावं.

आपल्याकडची अडचण वेगळी आहे. आपली काळी जमीन बेसाल्ट खडकापासून झाली आहे आणि त्यात लोहाचे कण असतात. त्यामुळे हलकं मशीन धातू नसतानाही वाजत राहतं. म्हणून घेताना ‘ग्राउंड बॅलन्स’ची सोय आहे का, हे पहिलं विचारा. लोखंड वगळायचं सेटिंग, पाणी लागलं तरी चालणारी कॉईल, हेडफोनची जागा आणि वजन हे त्यानंतर. अंगठी, गोळ्यांच्या पाकिटाचा पत्रा आणि कोल्ड्रिंकच्या कॅनचा तुकडा साधारण एकसारखेच वाजतात. ‘फक्त सोनंच दाखवतं’ या बोलण्यावर जाऊ नका.

विकणारा जवळचा असेल तर त्याला आपल्या बांधावर बोलवा. एक रुपयाचं नाणं चार बोटं खोल पुरा, जागा सांगू नका आणि शोधायला लावा. ऑनलाईन घेत असाल तर परत करायची मुदत बघा आणि हीच परीक्षा पहिल्याच दिवशी घ्या. विजेच्या तारेखाली किंवा खिशात मोबाईल ठेवून चाचणी करू नका, सिग्नल बिघडतो.

आता कायद्याचं. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडवलेली १० रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली की कलेक्टरला लेखी कळवावं लागतं, मग शेत स्वतःचं का असेना. लपवलं तर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते आणि हिस्साही जातो. नीट कळवलं, कुणी मालक निघाला नाही आणि आधी काही करार नसेल, तर सापडणाऱ्याला तीन हिस्से आणि जागामालकाला एक हिस्सा मिळतो. संरक्षित किल्ल्यात किंवा लेण्यांत परवानगीशिवाय खणणं हा तर गुन्हाच आहे.

गुप्तधन काढून देतो म्हणून पूजा, बळी असलं काही सांगणारा कुणी मशीनसोबत आला, तर तिथंच थांबा. अघोरी प्रकारांवर राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

थोडक्यात, हरवलेली वस्तू शोधायला मशीन घ्या. त्याच्या जिवावर कर्ज फेडायचा हिशोब मांडाल, तर कर्ज आहे तिथंच राहील आणि मशीनचे पैसे त्यात वाढतील.